उघड्या अंगणातील कलादालन आणि नवोदित चित्रकार

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा उभारलेल्या वास्तू, चालविलेल्या शाळा, दिलेल्या शिष्यवृत्त्या आणि घेतलेली आरोग्य शिबिरे यांचा आढावा घेतला जातो. तो घेणे यथोचितच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र अशा कार्याचा आहे की ज्यास मोठी वास्तू लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. एक स्वच्छ भिंत, चार पावले मोकळे अंगण, थोडी सावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ एवढ्यावर ते उभे राहू शकते. नव्याने चित्रे काढू लागलेल्या कलावंताला आपली कला लोकांपुढे मांडण्यासाठी मिळालेले छोटेसे खुले कलादालन, हा तो विषय होय.

आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासूनचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश आणि चौदा तालुके असा त्याचा विस्तार. अकोल्याच्या घाटमाथ्यावरील धुवाधार पावसापासून जामखेड-पाथर्डीच्या अवर्षणप्रवण माळापर्यंत निसर्गाची सारी रूपे येथे पाहावयास मिळतात. अशा जिल्ह्यात चित्रकाराला विषयांची वाण कधीच पडू नये. शाळाशाळांतून दरवर्षी विद्यार्थी कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएटला बसतात. घराच्या भिंतीवर श्रेणीचे प्रमाणपत्र लागते, आई-वडील पाहुण्यांना वही काढून दाखवितात. पुढे काय होते? काही थोडे ए.टी.डी. करून कलाशिक्षक होतात, काही जी.डी. आर्टसाठी पुण्या-मुंबईची वाट धरतात. उरलेल्यांचे रंग पेटीतच वाळतात. त्यांच्यात गुणवत्ता नसते असे नाही. त्यांचे चित्र घराबाहेरच्या माणसाने कधी पाहिलेले नसते, आणि पाहणाऱ्यावाचून चित्र काढीत राहणे फार थोड्यांना साधते.

गायकाला मंदिरातले एक भजन मिळते, वक्त्याला शाळेतील वक्तृत्व स्पर्धा मिळते, नटाला गणेशोत्सवाचा मंडप मिळतो. चित्रकाराला मात्र असे गावातले पहिले व्यासपीठ सहसा मिळत नाही. मोठ्या शहरातील कलादालन भाड्याने घ्यायचे तर भाडे, चित्रांच्या चौकटी, वाहतूक, निमंत्रणपत्रिका आणि तेथील मुक्काम असा खर्च पहिल्या प्रदर्शनापूर्वीच उभा राहतो. मुंबईतील नामांकित कलादालनांत तर तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागते. ज्याचे एकही चित्र अद्याप विकले गेलेले नाही, अशा तरुणाने अथवा तरुणीने हा भार कसा उचलावा?

या प्रश्नाचा विचार करताना, चित्र पूर्वी कोण पाहत असे, हे ध्यानात घेणे उद्बोधक ठरेल. अहमद निजामशहाने वसविलेल्या या नगराला चित्रकलेचा फार जुना वारसा आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर, हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ आफताबी नामक कवीने 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य रचले. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रशैलीच्या सर्वांत प्राचीन उपलब्ध नमुन्यांत त्या चित्रांची गणना होते. त्यांत हुसेनशहाची राणी आणि चांदबिबीची माता खुंजा हुमायूँ हिच्या आकृती होत्या. पुढे त्यांतील बहुतेक आकृती रंग फासून झाकल्या गेल्या वा पुसल्या गेल्या. ज्याने ती चित्रे काढली त्या चित्रकाराचे नाव मात्र आज कोणासही सांगता येत नाही. सुलतानाचे नाव राहिले, कवीचे राहिले, चित्रकाराचे गेले. नगरच्या रहिवाशांपैकी किती जणांना ती चित्रे त्या काळी दिसली असतील? ग्रंथ दरबाराचा होता, आणि तो दरबारातच उघडला जात असे.

आपल्या परंपरेकडे पाहिले तरी हाच प्रश्न निराळ्या रूपाने समोर येतो. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या, प्रथम ताडपत्रावर आणि पुढे कागदावर, शेकडो वर्षे लिहिल्या गेल्या. ज्ञानभांडारांनी त्या जिवापाड जपल्या, म्हणूनच पश्चिम भारतीय चित्रशैलीचा इतिहास आज लिहिता येतो. त्या पोथ्यांच्या शेवटी येणाऱ्या प्रशस्तीत ग्रंथ लिहवून घेणाऱ्या श्रावकाचे नाव, त्याचे कुल, पुष्कळदा लेखनिकाचेही नाव आढळते. चित्रकाराचे नाव क्वचितच आढळते. शेजारच्या वेरूळ येथील इंद्रसभा या बत्तिसाव्या लेण्याच्या छतावर रंगचित्रांचे अवशेष आहेत, तेही अनामिकांचेच. दात्यांनी कलेला आश्रय दिला ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि आजच्या काळात आश्रय द्यावयाचा तर चित्राखाली चित्रकाराचे नाव स्वच्छ अक्षरांत लागले पाहिजे, हे या इतिहासावरून शिकावयाचे आहे.

आता दुसरी परंपरा पाहू. दरबार आणि ग्रंथभांडार यांच्याबाहेर, साध्या माणसांचे एक कलादालन या देशात पहिल्यापासून होते. ते म्हणजे घराची भिंत आणि घरापुढचे अंगण. वारली समाजात लग्नप्रसंगी सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने चौक लिहीत. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणू भागात गेले, तेथील स्त्रियांना आणि पुरुषांना त्यांनी कागद व रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी तो कागद हाती घेतला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे मांडली गेली, पुढे ती देशोदेशी पोहोचली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या या वाटचालीत कौतुकाची बाब ही की, कागदावर येण्यापूर्वी ही कला गावच्या भिंतीवर गावातल्याच माणसांनी पाहिलेली, पारखलेली होती. शहराने तिला कीर्ती दिली. पण तिची पहिली परीक्षा अंगणातच झाली होती.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी या गावचे उदाहरण तर प्रत्येक संस्थेने आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे. तेथील ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा लोप पावण्याच्या मार्गावर होती. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराजवळच्या गुरांच्या गोठ्यात २००६ साली 'ठाकर आदिवासी कला आंगण' या नावाने छोटे संग्रहालय सुरू केले. नावातच आंगण आहे. जुनी चित्रे, बाहुल्या आणि वाद्ये तेथे मांडली गेली, पाहुणे येऊ लागले आणि घरातील पुढच्या पिढीलाही ही कला हाती धरावीशी वाटली. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्याचे कलादालन करण्यास कोणत्याही मोठ्या अनुदानाची वाट पाहिली गेली नव्हती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

आणि आता महानगराकडे वळू. मुंबईत काळा घोडा परिसरात १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ती उभी राहिली. आत चित्र लागणे हा कलावंताच्या आयुष्यातील मानाचा क्षण समजला जातो. परंतु त्याच इमारतीच्या बाहेर, महात्मा गांधी मार्गाच्या पदपथावर, दुसरे एक कलादालन वर्षानुवर्षे भरत आले आहे. त्याला छत नाही, दार नाही, वातानुकूलन नाही. चित्रकार सकाळी चित्रे मांडतात, जवळच बसून राहतात, संध्याकाळी ती उतरवून घेतात. कचेरीत जाणारा कारकून, परगावाहून आलेला प्रवासी, महाविद्यालयीन मुले, डबा पोहोचविणारा माणूस, असे सर्व जण त्या चित्रांपुढून जातात. काही थांबतात, किंमत विचारतात, हसतात, पुढे जातात. काही विकतही घेतात. काचेचे दार ढकलून आत जाण्याचे धैर्य ज्यांना होत नाही, त्यांनाही येथे चित्र पाहता येते. १९९९ पासून फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवाने तर त्या परिसराचा रस्ताच कलादालन करून टाकला.

या पदपथावर बसणाऱ्या नवोदित चित्रकाराला तेथे मिळते ते काय? पहिली गोष्ट, न निवडलेला प्रेक्षक. कलादालनात येतो तो चित्र पाहण्याच्या तयारीने येतो; शिष्टाचार म्हणून तरी दोन चांगले शब्द बोलतो. पदपथावरचा माणूस घाईत असतो. त्याची पावले थांबली तर चित्राने ती थांबविली असतात. दिवसभर चित्राशेजारी बसलेला कलावंत हे डोळ्यांनी पाहतो. कोणत्या चित्रापुढे लोक रेंगाळतात, कोणाकडे वळूनही पाहत नाहीत, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट, प्रश्न. 'हे काय काढले आहे?', 'हा रंग येथे का?', 'एवढी किंमत कशाची?' अशा साध्या प्रश्नांना साध्या भाषेत उत्तर देता देता आपण काय करीत आहोत हे कलावंताला स्वतःलाच उमजू लागते. तिसरी गोष्ट, शेजार. बाजूला बसलेल्या ज्येष्ठ चित्रकाराकडून कागद कोठे स्वस्त मिळतो, चौकट कशी करावी, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हे व्यवहारज्ञान मिळते. कोणत्याही अभ्यासक्रमात ते सहसा नसते.

कृष्णाजी हौळाजी आरा यांचे जीवन या संदर्भात स्मरणीय आहे. १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मुंबईस आला. घरगडी म्हणून, मोटारी धुण्याची कामे करून त्याने पोट भरले आणि उरल्या वेळात चित्रे काढली. रूडी व्हॉन लायडन या कलासमीक्षकाच्या दृष्टीस ती चित्रे पडली, प्रोत्साहन मिळाले, आणि १९४२ साली त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासमवेत ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक-सदस्य झाले. त्याच गटातील मकबूल फिदा हुसेन हे पंढरपूरला जन्मलेले. त्यांनी प्रारंभीच्या काळात चित्रपटांचे मोठमोठे फलक रस्त्यावर रंगविले. आरा यांचे मोठेपण असे की, पुढे नावारूपास आल्यावर मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात त्यांनी स्वतःस वाहून घेतले आणि कित्येक नवोदितांना पहिले प्रदर्शन मिळवून दिले. एका पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावर पडली होती. ती नजर त्यांनी पुढच्यांना दिली.

परदेशातही हीच कथा आढळते. १९३१ च्या सुमारास, जागतिक मंदीच्या दिवसांत, न्यूयॉर्कमधील वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ जॅक्सन पोलॉक या तरुण चित्रकाराने घरभाड्यासाठी पदपथावर चित्रे मांडली असे सांगितले जाते. त्यातून तेथे खुले वार्षिक प्रदर्शन सुरू झाले. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२० मध्ये, महामारीमुळे कलादालने बंद असताना, सिएटल शहरातील स्टेसी मिलरानी या चित्रकर्तीने घराबाहेर खांबावर एक छोटी पेटी उभारली. टपालपेटीएवढ्या त्या काचेच्या दालनात कोणीही आपले चिमुकले चित्र ठेवावे, कोणीही आवडलेले घेऊन जावे, अथवा नुसते पाहून जावे. तिचे पाहून इतर शहरांतही अशा पेट्या उभ्या राहिल्या. जागा किती लहान असावी, याला जणू मर्यादाच उरली नाही.

आपल्या नगर शहरातही कलादालनाचा विचार यापूर्वी झालेला आहे, हे सांगण्यास आनंद वाटतो. महावीर कलादालन हे नाव येथील बहुतेकांना परिचित आहे. नगरचे चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी तेथे पेन्सिलीने रेखाटलेले भव्य चित्र, सुमारे ७० फूट लांब व २० फूट उंच, भारतातील पाचशे थोर व्यक्तींचे दर्शन घडविते. पेन्सिल म्हणजे शाळकरी मुलाच्या दप्तरातील सर्वांत स्वस्त साधन. त्या साधनाने एवढे काम होऊ शकते, हे आपल्याच गावातील माणसाने दाखविले. शाळेच्या सहलीत ते चित्र पाहून घरी गेलेल्या मुलाला मात्र पुढचा प्रश्न पडतोच, की आपले चित्र कोठे लागणार? भव्य दालन आणि घरची भिंत यांच्यामध्ये एक पायरी हवी. ती पायरी म्हणजे संस्थेच्या आवारातील खुले कलादालन.

या कल्पनेवर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप असा की, उघड्यावर मांडल्याने कलेची प्रतिष्ठा कमी होते. तसे असते तर वारली भिंतीला आणि अंगणातील रांगोळीला प्रतिष्ठा उरली नसती. प्रतिष्ठा मांडणीच्या नीटनेटकेपणावर आणि पाहणाऱ्याच्या आदरावर अवलंबून असते. दुसरा आक्षेप, उन्हापावसाने चित्रे खराब होतात. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याची तरतूद केली पाहिजे; तिचा उल्लेख पुढे येईल. तिसरा आक्षेप, लोक पाहतील पण विकत घेणार नाहीत. हाही बहुतांशी खरा आहे. पहिल्या प्रदर्शनात चित्रे विकली जातीलच अशी आशा कलावंतालाही देऊ नये. परंतु चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो कलावंतांकडूनच येतो. 'तुम्हाला प्रसिद्धी मिळेल' असे सांगून त्यांच्याकडून फुकट काम करून घेतले जाते. कमानी रंगविल्या जातात, फलक लिहून घेतले जातात, व्यासपीठामागची सजावट करून घेतली जाते आणि शेवटी एक श्रीफळ व शाल हातावर ठेवली जाते. सत्कार अवश्य व्हावा. तथापि सुताराला, मंडपवाल्याला आणि आचाऱ्याला जसा मोबदला दिला जातो तसा चित्रकारालाही दिला गेला पाहिजे. खुले कलादालन हे फुकट सजावटीचे साधन झाले, तर त्याचा हेतूच नष्ट होईल.

आता व्यवहाराच्या बाजूकडे येऊ. नगरच्या हवामानात अशा दालनासाठी कार्तिकापासून माघापर्यंतचा, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, ऊन सौम्य असते, धूळ त्या मानाने कमी असते. भिंत निवडताना उत्तराभिमुख भिंत पसंत करावी, कारण तिच्यावर थेट ऊन सर्वांत कमी पडते. जलरंगातील काही छटा, विशेषतः काही तांबड्या व जांभळ्या, सूर्यप्रकाशाने थोड्याच काळात फिक्या पडतात. अशा चित्राचे मूळ घरी ठेवून चांगली प्रत लावावी आणि ती प्रत आहे असे स्पष्ट लिहावे. ॲक्रिलिक रंग उघड्यावर अधिक टिकाव धरतात. पत्र्याचे अथवा बांबूचे दोन हात पुढे आलेले छप्पर असले तरी अवकाळी सरीपासून रक्षण होते. चौकट केवळ वरून टांगू नये. खालचे दोन्ही कोपरेही बांधावेत, अन्यथा माळावरचा वारा चित्र भिंतीवर आपटतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर यावा. लहान मुलांची चित्रे असतील तर ती मुलांच्या नजरेच्या उंचीवर, थोडी खाली लावावीत. एका वेळी दहा-बारा चित्रे पुरेत. दाटीवाटीने लावलेल्या चाळीस चित्रांपैकी एकही नीट पाहिले जात नाही.

प्रत्येक चित्राखाली कलावंताचे नाव, गाव, चित्राचे शीर्षक, माध्यम, वर्ष आणि विक्रीस असल्यास किंमत लिहावी. किंमत लिहिण्यात संकोच बाळगू नये. व्यापारी समाजाला तर हे सांगण्याचे प्रयोजन नाही. लिहिलेला भाव दोन्ही पक्षांचा सन्मान राखतो, आणि आडून विचारलेला भाव पुष्कळदा घासाघिशीत संपतो. भाव ठरविताना कागद, रंग व चौकट यांचा खर्च आणि कामास लागलेले दिवस यांचा हिशेब कलावंताने मांडावा, आणि वडीलधाऱ्यांनी त्याला तो मांडावयास शिकवावे. हिशेबाची वही कशी ठेवावी, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे, त्याने नवोदित कलावंताला देण्याजोगी ही फार मोठी देणगी आहे.

कायद्याची बाजूही थोडक्यात ध्यानी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकले म्हणजे त्याचे हक्क आपोआप विकले जात नाहीत. चित्र घेणारा त्या कागदाचा वा कॅनव्हासचा मालक होतो. ते छापण्याचा, दिनदर्शिकेवर वा निमंत्रणपत्रिकेवर वापरण्याचा अधिकार लेखी करार नसेल तर कलावंताकडेच राहतो. मात्र मोबदला देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राच्या बाबतीत, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाराच हक्काचा प्रथम मालक ठरतो. म्हणूनच संस्था आणि कलावंत यांच्यात अर्ध्या पानाचा का होईना, लेखी कागद असावा. याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने कलाकृतीची विटंबना होऊ नये असा कलावंताचा नैतिक अधिकारही मान्य केला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून कोठारात टाकले गेले होते. सहगल यांनी दीर्घकाळ लढा दिला आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शासनासारख्या धन्यालाही कलावंताच्या कामाची हेळसांड करता येत नाही, हा त्या निकालाचा बोध आहे. आपल्या भिंतीवरचे चित्र काढावयाचे झाल्यास आधी कलावंतास कळवावे, ते सुखरूप परत करावे, एवढे पथ्य प्रत्येक संस्थेने पाळावे.

निवडीसंबंधी एक सूचना विचारार्थ ठेवावीशी आहे. दालन केवळ समाजातील मुलामुलींपुरते न ठेवता गावातील सर्व नवोदितांसाठी खुले असावे. सुताराचा मुलगा, रंगारी काम करणारा तरुण, घरकाम सांभाळून दुपारी चित्र काढणारी गृहिणी, आश्रमशाळेतील विद्यार्थिनी, निवृत्तीनंतर कुंचला हाती घेतलेले शिक्षक, यांपैकी कोणीही नवोदित असू शकतो. 'नवोदित' या शब्दाचा वयाशी संबंध नाही. निवड समितीत गावातील एक-दोन कलाशिक्षक असावेत आणि विश्वस्तांनी निवडीत हस्तक्षेप करू नये. चित्र निवडले गेले नाही तर त्याचे कारण कलावंतास समक्ष बसवून सांगावे. नकार देण्याची ही रीत पाळली, तर पुढच्या वर्षी तोच कलावंत अधिक चांगले चित्र घेऊन परत येतो.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे कोणत्याही कर्माचा विचार तीन प्रकारांनी केला जातो: करणे, करविणे आणि अनुमोदन देणे. खुल्या कलादालनात हे तिन्ही एकत्र येतात. चित्रकार चित्र करतो. संस्था भिंत, छप्पर आणि लेखी हमी देऊन ते करविते. आणि जो रोजच्या रस्त्याने जाता जाता दोन मिनिटे थांबतो, चित्राखालचे नाव वाचतो आणि त्या मुलाला वा मुलीला नावाने हाक मारून चित्राविषयी एक प्रश्न विचारतो, तो अनुमोदन देतो. या तिघांपैकी तिसऱ्याचे काम सर्वांत सोपे आहे, आणि नेमके तेच आपल्याकडून राहून जाते. पुष्कळांना वाटते की आपल्याला चित्रातले काही कळत नाही, मग बोलावे कसे? कळत नाही असे म्हणूनच बोलावे. चित्रकाराला त्यापेक्षा चांगला प्रारंभ नको असतो.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळाने या सूचनेचा साकल्याने विचार करावा, आवारातील एक भिंत येत्या हिवाळ्यात चार महिन्यांसाठी राखून ठेवावी, आणि पहिल्या वर्षीच्या अनुभवावरून पुढील निर्णय घ्यावा, अशी नम्र विनंती आहे. फार मोठा संकल्प सोडण्याची आवश्यकता नाही. दहा चित्रे, दहा नावे आणि त्यांच्यापुढे थांबणारी गावातील माणसे, एवढ्याने आरंभ पुरेसा आहे. त्यांतील एखादाच पुढे मोठा चित्रकार होईल, कदाचित एकही होणार नाही. पण रंगपेटी बंद करून ठेवण्याच्या बेतात असलेल्या कोणाला तरी ती पुन्हा उघडावीशी वाटली, तरी त्या भिंतीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.